होय म्हणायला एक माणूस

बायकोने एक तंबू सांगितला होता. मी दोन घेतले. सगळं तिथूनच चुकलं, आणि ते नजरचुकीने झालेलं नव्हतं, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच उरलो. इतकी वर्षं घरातलं बोलणं मुलीच्या आजूबाजूने व्हायचं. तिचा क्लास, तिची परीक्षा, तिचा डबा. ती गेल्यावर कळलं की आम्हा दोघांमध्ये थेट असं बोलणंच राहिलेलं नाही. जेवायला बसलो की मी टीव्ही लावायचो. बातम्या बघायच्या म्हणून नव्हे. कोणीतरी बोलत राहावं म्हणून.

एका संध्याकाळी बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सह्याद्रीत ते राष्ट्रीय उद्यान आहे ना, तिथे आत, वरच्या पठारावर राहता येतं म्हणे. तंबू असतात, चुलीवरचं जेवण. बाकी काही नाही. जाऊ या का?"

"जाऊ की."

"दोघंच," ती म्हणाली. थोड्या वेळाने निवडलेली मेथी चाळणीत टाकताना पुन्हा म्हणाली, "दोघंच जाऊ."

मी हो म्हणालो आणि त्या रात्रीपासून मला भीती वाटायला लागली. तिथे मोबाईलला रेंज नव्हती, टीव्ही नव्हता. दोन दिवस तिच्यासमोर बसून बोलायचं काय? लग्नाला पंचवीसहून जास्त वर्षं झालेल्या माणसाने अशी भीती बाळगावी, याची लाज वाटते, पण खरं ते हेच. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मित्र बसतो. तो श्वास घ्यायलाही न थांबता बोलतो. त्याच्यासोबत असलं की आपण गप्प बसलं तरी चालतं. कॅन्टीनमध्ये मी त्याला म्हणालो, "तू पण चल ना. वहिनींना घेऊन ये. मजा येईल."

बायकोला हे मी निघायच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं. ती पोळ्यांची कणीक भिजवत होती. "बरं," म्हणाली आणि परातीत आणखी पीठ घेतलं. त्या जास्तीच्या पिठाकडे मी बघितलं आणि बाहेर येऊन टीव्ही लावला.

बॅग भरताना तिने एका जुन्या नॅपकिनमध्ये गुंडाळून एक नारळ ठेवला. तो कशासाठी, हे मला कळलं होतं. तरी मी काही विचारलं नाही.

त्या नारळासाठी मला माझ्या सासऱ्यांबद्दल सांगावं लागेल. मी साताऱ्याकडचा, बायको मालवणकडची. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. शेजाऱ्याचा बैल शेतात घुसला की गाऱ्हाणं घेऊन जायचं. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा ती मला हलवून म्हणाली, "उठा, बाबा गाऱ्हाणं घालतायत." मी घाबरून विचारलं, "माझ्याबद्दल?" ती हसून हसून खाली बसली. मग तिने मला अंगणात नेलं. सासरे तुळशीपुढे नारळ घेऊन उभे होते आणि राखणदाराशी, म्हणजे त्या जागेचा सांभाळ करणाऱ्या देवाशी, मोठ्याने बोलत होते. आज जावई आलाय, त्याचं भलं कर, असं काहीसं. प्रत्येक वाक्य संपलं की मागे उभी असलेली माणसं एका सुरात म्हणत, "व्हय म्हाराजा!" तिच्या गावात गाऱ्हाणं म्हणजे ते. त्यात एक जण बोलणारा लागतो आणि होय म्हणणारा निदान एक तरी लागतो. नुसतं बोलून ते पुरं होत नाही.

जुईनगरला फ्लॅट घेतला तेव्हा सासरे खास आले होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पंपाच्या खोलीजवळ, नारळ धरून उभे राहिले. मी इकडेतिकडे बघत होतो. सेक्रेटरी खिडकीत तर नाही ना? आणि म्हातारा बिनघोर त्या जागेच्या धन्याला, लेकरं राहायला आलीत, त्यांना सांभाळ, असं सांगत होता, "बा देवा म्हाराजा, हयसर आदी कोणाचा मीठ पिकला, कोणाची होडी लागली, ता आमकां म्हायत नाय. जो कोण तू ह्या जाग्याचो धनी आसशीत, तेका सांगणा इतक्याच, ही लेकरां हयसर ऱ्हवाक इली हत. तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बायको खणखणीत म्हणाली. मी ओठातल्या ओठात म्हणालो. आमचा वॉचमन उत्तर प्रदेशचा. त्याने काठी काखेत धरून, हात जोडून, दोघांपेक्षा मोठ्याने म्हटलं, "होय महाराजा!" सासरे इतके खूश झाले की फोडलेल्या नारळाची मोठी वाटी त्यालाच दिली.

सासरे आमच्या या सहलीआधीच्या पावसाळ्यात वारले. बायकोला भाऊ नाही.

तर आम्ही चौघं निघालो. मित्राची गाडी, मित्राचं बोलणं. बायका मागच्या सीटवर. उद्यानाच्या गेटवर गाडी ठेवावी लागली आणि वनखात्याच्या जीपने आत गेलो. रस्ता असा काही नव्हताच, तांबडी माती आणि दगड. दोन्ही बाजूंना कारवी, वर जांभळीची आणि अंजनीची गर्दी, आणि एका वळणावर झाडी संपून एकदम पठार. पठाराच्या कडेला खाली धुकं भरलेली दरी. बायकोने जीपमध्येच माझा दंड धरला. किती वर्षांनी तिने असा दंड धरला होता! मी मात्र मित्राच्या कुठल्याशा विनोदाला हसत होतो.

तंबू साधेच होते, शेणाने सारवलेल्या ओट्यांवर उभारलेले. आत दोन गाद्या, दोन घोंगड्या, एक कंदील. संडास जरा लांब, बाहेर पाण्याचं पिंप. एका बाजूला चुलीसाठी पत्र्याची शेड. खालच्या गावातले एक काका सगळं सांभाळायचे. मित्राने उतरल्या उतरल्या विचारलं, "काका, चार्जिंग कुठे करायचं?"

"सोलर हाय की," काका म्हणाले. "पर आज ढग हायती. उद्या ऊन पडलं तर करा."

"म्हणजे उद्यापर्यंत फोन बंद?"

"मग बोला की एकमेकांशी," काका म्हणाले आणि चुलीकडे गेले. वहिनी खळखळून हसल्या. मी बायकोकडे बघणं टाळलं.

सूर्य दरीपलीकडे उतरत होता. तंबूंच्या थोडं वर एक जांभळीचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी एक उभा दगड, शेंदूर वगैरे काही नसलेला. बायको नारळ घेऊन तिथे गेली. काकांना तिने आधी विचारलं होतं. ते म्हणाले होते, "घाला की. निस्तं खोबरं टाकून ठेवू नका, वानरं येत्यात. खाऊन टाका आन् करवंट्या खाली न्या." तिने चपला काढल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि नारळ दोन्ही हातांत धरला. आम्ही तिघं चहाचे पेले घेऊन मागे उभे होतो.

"वहिनींचं काय चाललंय?" मित्राने मला हळूच विचारलं.

"गाऱ्हाणं," मी म्हणालो.

"कोणाची तक्रार?"

बायकोने डोळे मिटले होते. मग म्हणाली, "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, आज ही चार लेकरां तुज्या वस्तीत ऱ्हवाक इली हत. साप-किरडू, वाघ-जनावर वाटेतसून दूर कर, आनी तेंची राखण कर रे म्हाराजा..."

आणि ती थांबली. होय म्हणायची जागा आली होती. डोळे उघडून तिने मान किंचित माझ्याकडे वळवली.

ऑफिसात माझं काम तक्रार अर्जांचं आहे. लोक येतात, मी अर्ज घेतो, शिक्का मारतो, पोच देतो. मित्राच्या डोळ्यांत हसू जमा होताना मला दिसत होतं, आणि मी त्याच्या बाजूचा आहे हे त्याला दाखवायची मला घाई झाली. मी ऑफिसातल्या आवाजात म्हणालो, "अर्ज मिळाला, महाराज! दोन प्रतींत द्या, आणि पोच घेऊन जा!"

मित्राच्या तोंडातला चहा उडाला. वहिनीही हसल्या, त्यांना काय माहीत. मीसुद्धा हसलो. बायकोने नारळ पुन्हा नॅपकिनमध्ये गुंडाळला, चपला घातल्या, आणि "चहा उरलाय का हो?" असं काकांना विचारत चुलीकडे गेली.

जेवताना ती सगळ्यांशी नीट बोलली. नाचणीच्या भाकरीचं कौतुक केलं, वहिनींना घोंगडी दिली. मला वाढताना मात्र "आणखी?" एवढंच विचारलं. फार मोठं काही झालेलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. विनोद तर होता. तंबूत शिरलो तेव्हा ती कुशीवर वळलेली होती. एक तंबू घेतला असता तर बाहेर दुसऱ्या तंबूतून मित्राचं घोरणं ऐकू आलं नसतं, आणि मला काहीतरी बोलावंच लागलं असतं.

सकाळी एका पक्ष्याच्या शिळेने जाग आली. कोणी माणूस वाट चुकून शीळ घालत फिरतोय असंच वाटावं, सूर सापडतोय आणि निसटतोय. मी उठून बसलो. बायको आधीच बाहेर गेली होती. काका म्हणाले, ओढ्याकडे गेल्यात.

ओढ्यावर ती दगडावर बसून पाण्यात पाय सोडून होती. पाणी बर्फासारखं गार होतं. मी बाजूला बसलो. पलीकडच्या झाडावर एक शेकरू भलीमोठी शेपटी सोडून काहीतरी कुरतडत होतं. मी म्हणालो, "ते बघ, शेकरू."

"बघितलं."

मग तीच म्हणाली, "घरी गेल्यावर मी लेकीकडे जाते. तिला घर लावायचंय."

"किती दिवस?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. तुम्हाला काय, टीव्ही आहेच."

हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मी उलट काहीतरी बोललो असतो आणि ते प्रकरण मिटलं असतं. ती ठरवून झाल्यासारखं म्हणाली. तेव्हा मला कळलं की बंगळूर म्हणजे आठ-पंधरा दिवस नव्हेत. ज्या घरात आपल्याशी बोलायला कोणी नाही तिथे परत कशाला यायचं, हे ती मनातल्या मनात तपासत होती.

"कालचं मनावर घेतलंस का?" मी विचारलं. "अगं, गंमत केली."

आता मात्र ती चिडली. चिडली की तिची मालवणी वर येते. "गंमत? बायल माणसान गाऱ्हाणा घालूची पद्धत नाय आमच्या गावात. मी जल्मात कधी घातलंय नाय. बाबांच्या पाठी उभी रवान व्हय म्हणलंय फक्त. बाबा गेल्यार ते शब्द माज्याकडेच रवले. येकदा तरी तोंडातसून काढून बघूचे होते. घरात लाज वाटली. म्हणान हयसर येवचा होता. दोघांच." ती थांबली, आणि मग सावकाश, मला नीट कळावं अशी, म्हणाली, "गाऱ्हाण्याला होय म्हणायला एक माणूस लागतो. तेवढ्यासाठी तुम्हाला आणायचं होतं. तुम्ही आणखी दोघं आणलीत. आणि होय म्हणायला एकही नाही."

शेकरू उडी मारून गेलं. ती उठली, पाय झटकले आणि चपला हातात घेऊन वर निघाली. मी तिथेच बसून राहिलो.

त्या दिवशी आम्ही काकांबरोबर पठाराच्या टोकापर्यंत चालत गेलो. लांबवर गव्यांचा कळप दिसला. काळे, संथ, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. मित्रसुद्धा तेवढा वेळ गप्प झाला. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. माफी मागायची होती आणि ती मागण्याचं एक वाक्य मला जमत नव्हतं. मी तिला पाण्याची बाटली दिली. तिची सॅक घेतली. परतल्यावर चहा नेऊन दिला. ती दर वेळी "थँक्यू" म्हणाली, आणि आमच्या घरात थँक्यू पाहुण्यांना म्हणतात. संध्याकाळी तंबूत मी "अगं" असं म्हटलं. तिने "काय?" विचारलं. मी म्हणालो, "कंदील विझवू का?"

निघायच्या सकाळी ऊन पडलं होतं. मित्र फोन चार्ज करून खूश होता. जीप येऊन उभी होती, ड्रायव्हर काकांशी गप्पा मारत विडी ओढायला म्हणून शेडमागे गेला होता. बायको आमच्या बॅगेची चेन लावत होती. कपड्यांच्या वर नॅपकिनमधला नारळ तसाच होता. आला तसा परत चालला होता. घरी गेल्यावर तो फ्रीजवर बसणार आणि ती बंगळूरला जाणार, हे चित्र मला एकदम स्पष्ट दिसलं. मी पुढे झालो, बॅगेतून नारळ काढला आणि जांभळीकडे चालू लागलो.

"अरे, हे काय?" मित्र मागून ओरडला. "आता तू? तक्रार अर्ज का?"

"हो," मी म्हणालो. "माझ्याविरुद्धच आहे."

दगडापुढे बूट काढले. मोज्यांतून जमिनीचा गारवा तळव्यांना लागला. मागे कोण आलं, कोण नाही, ते बघायचा धीर नव्हता. सासऱ्यांसारखं मोठ्याने बोलायचं म्हणून तोंड उघडलं तर आवाज अर्ज वाचून दाखवावा तसा निघाला. "बा देवा महाराजा..."

मग वहिनींचा, जरा बिचकलेला आवाज आला, "होय महाराजा."

"होय न्हय," बायकोचा आवाज. लांबून, बॅगेजवळून. "व्हय. व्हय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वहिनी शहाण्या विद्यार्थिनीसारख्या म्हणाल्या.

मला थोडा धीर आला. "आमी दोन दिवस तुज्या जाग्यात राहिलो..."

"ऱ्हवलंव," बायको म्हणाली. आता आवाज जवळ आला होता.

"ऱ्हवलंव. तुका न विचारता ऱ्हवलंव. तरी तू आमची राखण केलीस."

"व्हय म्हाराजा." या वेळी तीन आवाज होते. मित्राने हात जोडले होते, आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"आता आमी परत जाताव..."

"जातंव."

"जातंव. सगळ्यांका सुखरूप घराक धाड." आणि मग मनात होतं ते म्हणालो, "आमका दोघांका एकाच घराक धाड रे म्हाराजा."

इथे कोणीच काही म्हणालं नाही. वहिनी आणि मित्र बायकोकडे बघत असावेत. वाऱ्याने जांभळीची पानं हलली तेवढीच. माझ्याजवळची मालवणी संपली होती, आणि उधारीच्या बोलीत देवाकडे मागून हे भागणार नाही, हेही मला समजलं. जिच्याशी मी चुकलो होतो ती माझ्या मागे उभी होती, आणि मी दगडाशी बोलत होतो. मी वळलो.

ती चपला काढून उभी होती. माझ्या हातातला नारळ तिने काढून घेतला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत धरला.

"बोला," ती म्हणाली.

मित्र होता, वहिनी होत्या, शेडमागून आलेले काका आणि ड्रायव्हर होते. ज्यांच्यासमोर हसलो होतो ती माणसं होती, हे बरंच झालं. मी म्हणालो, "तू दोघंच म्हणालीस तेव्हा मी भ्यालो. तुझ्याशी काय बोलायचं हे मला सुचणार नाही, याची भीती वाटली, म्हणून यांना बोलावलं. परवा इथे होय म्हणायचं काम माझं होतं. मला माहीत होतं, तरी मी तुला हसलो. बाबांच्या शब्दांना हसलो. माझं चुकलं. मला माफ कर."

तिने नारळ कपाळाला लावला आणि सावकाश म्हणाली, "व्हय म्हाराजा."